सोंगे आणि सोबती

खेळ म्हटला की दोन बाजू आल्याच, असे आपण धरून चालतो. कबड्डी घ्या, खो-खो घ्या, नाही तर देवळाच्या ओट्यावर खडूने आखलेला वाघ-बकरीचा पट घ्या. एक जिंकणार, दुसरा हरणार. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे त्यात चार-पाच खेळगडी सगळे एकाच बाजूला बसतात. समोर असतो एक सूत्रधार, आणि त्याने नुसत्या शब्दांनी उभे केलेले एक जग. त्या जगात पडके किल्ले आहेत, भुयारे आहेत, भुयारात राक्षस आहेत आणि राक्षसांच्या मागे ठेवा आहे. प्रत्येक गड्याने एकेक सोंग घेतलेले असते. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. पण रंग नाही, पोशाख नाही, मुखवटा नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि काही फासे, एवढेच साहित्य.

सूत्रधार म्हणतो, "तुम्ही बुरुजाच्या दाराशी आलात. दार अर्धवट उघडं आहे. आत कोणीतरी दबक्या आवाजात बोलतंय. काय करता?" एक जण म्हणतो, "मी दाराला कान लावतो." दुसरी म्हणते, "मी मशाल मागे धरते, उजेड आत जायला नको." तिसरा हातघाईवर आलेला असतोच, तो म्हणतो, "लाथ मारून दार उघडतो!" मग त्याला इतर दोघे दंडाला धरून आवरतात. जे सहज होण्यासारखे आहे ते सूत्रधार होऊ देतो. जे होईल की नाही याची शंका आहे त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपल्या अंगच्या गुणाप्रमाणे त्यात एक-दोन मिळवायचे, आणि ठरलेला आकडा गाठलात किंवा त्याच्या वर गेलात तर साधले. खेळाचा सगळा सांगाडा एवढाच.

या जातीच्या खेळांत सर्वांत नाव झाले ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे. म्हणजे आपल्या भाषेत भुयारे आणि अग्निसर्प म्हणा. त्याचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून युद्धाचा अभ्यास करण्याचा खेळ सिद्ध केला. त्यात निवाडा देणारा पंच असे. पुढे हौशी लोक तसे खेळ घरी खेळू लागले. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली याने एक वेगळी वाट काढली. फौजांच्या जोडीला त्याने एकेका खेळगड्याला एकेक माणूस दिला. तू गावचा नगराध्यक्ष, तू सावकार, तू विद्यापीठाचा कुलपती. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही माणसे एका किल्ल्याखालच्या भुयारात नेली. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स राहत असे. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर तो घरी बूट दुरुस्तीचे काम करी आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिही. त्या दोघांचा मिळून हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये बाहेर पडला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. ते चमत्कारिक आकाराचे फासे त्यांनी कोठून आणले? शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या एका कंपनीकडून! घनाकृतींचा पाठ शिकवण्याकरिता केलेली वस्तू होती ती. शिक्षकमंडळींना हे ऐकून बरे वाटावे.

आता मुद्द्याकडे वळू. मुद्दा असा की, सोंग कोणी कोणते घ्यावे आणि घेतल्यावर एकमेकांच्या उपयोगी कसे पडावे.

प्रत्येक सोंगाला सहा गुण असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण हे दोन निराळे खण ठेवले आहेत, हे माझ्या मते या खेळकर्त्यांचे मोठेच शहाणपण. पुष्कळ पुस्तके वाचलेला जादूगार डबक्याची खोली न पाहता पाय टाकू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. पहिल्या नियमांत प्रत्येक गुणासाठी साधे तीन फासे टाकत आणि जी बेरीज येई ती मुकाट्याने लिहून घेत. तीन फाशांची २१६ दाने पडू शकतात. त्यांत अठरा येण्याचा मार्ग एकच. दहा किंवा अकरा येण्याचे मार्ग मात्र ५४, म्हणजे चारांत एक. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे, मुले स्वतः मोजतील. तर त्या काळी दैवाने जे पदरात घातले ते पाहून धंदा निवडायचा. बळ आले तर लढवय्या, बुद्धी आली तर जादूगार, आणि सगळेच बेताचे आले तर त्यातून वाट काढायची.

पुढे ही रीत बदलत गेली. २०१४ च्या आवृत्तीत दैवाऐवजी खरेदीचाही मार्ग आहे. प्रत्येकाला २७ गुण खर्चायला मिळतात. प्रत्येक गुणाची सुरुवात आठापासून. तेराचे मोल पाच, चौदाचे सात आणि पंधराचे नऊ. म्हणजे वरच्या पायऱ्या महाग होत जातात. कोणी तीन गुण पंधरावर नेले तर नवत्रिक सत्तावीस, पैसे संपले, बाकीचे तीन आठावरच राहिले. दुसऱ्याने पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा, आठ असे घेतले. त्याचेही बरोबर सत्तावीसच झाले. कोणता शहाणा? मुले यावर तासन्तास वाद घालतात, आणि मोठी माणसेही. घरच्या अंदाजपत्रकासारखेच आहे हे. सगळीकडे थोडे थोडे दिले की कोठेच पुरत नाही.

माझे मत विचाराल तर प्रश्न उलट्या बाजूने विचारावा. "माझा गडी किती बलवान होईल?" असे विचारू नये. "माझी पाळी आली की बहुतेक वेळा मी काय करणार आहे?" असे विचारावे. तलवार चालवणार असाल तर बळ, बाण मारणार असाल तर चपळाई, मंत्र म्हणणार असाल तर त्या मंत्राला लागणारा गुण. तेथे पंधरा ठेवा. दुसरी खरेदी काटकपणाची, कारण मार सगळ्यांनाच बसतो. नंतर एक गुण खुशाल आठावर राहू द्या. ज्याचा एकही गुण उणा नाही त्याला सोबत्याची गरज भासत नाही, आणि या खेळात तो हळूहळू कंटाळतो. उणेपण असले म्हणजे "अगं, हे वाच जरा, मला जमत नाही" असे म्हणायची पाळी येते आणि तेथून खेळाला रंग चढतो.

शिवाय एक हिशेब लक्षात घ्या. पंधरा गुण असले तर फाशाच्या दानात दोन मिळवायचे. आठ असले तर एक वजा करायचा. म्हणजे कुशल आणि अकुशल यांच्यात, वीसांच्या फाशावर, अंतर फक्त तिघांचे. शंभरात पंधरा. एवढ्यासाठी ही सगळी घासाघीस! आता दुसरी गोष्ट पाहा. सोबत्याने हात दिला तर दोन फासे टाकायला मिळतात आणि मोठे दान धरायचे असते. अकरा किंवा वर हवे असेल तर एका फाशाने यश निम्म्या वेळा. दोन फाशांनी चारांत तीन वेळा. शंभरात पन्नासाचे पंचाहत्तर झाले. सोबत्याच्या एका हाताने जे मिळते ते रात्रभर जागून केलेल्या गुणांच्या वाटणीने मिळत नाही. भुयाराचे जड झाकण उचलायचे असेल तर दोघांनी मिळून उचलावे. लढाईत मात्र हा सौदा दर वेळी परवडत नाही, बरं का. कारण हात देणाऱ्याची स्वतःची पाळी त्यात खर्च होते. दोघांनी स्वतंत्र वार केले आणि प्रत्येकाचा निम्म्या वेळा लागत असला, तर सरासरी एक घाव पडतो. एकाने मदत करून दुसऱ्याने वार केला तर सरासरी पाऊणच. पण तो दुसरा गडी एका वारात डोंगर पाडणारा असेल, आणि पहिल्याच्या हातात साधी काठी असेल, तर हिशेब पुन्हा फिरतो. असा हिशेब मुलांनी पाळी येण्याआधी मनात करायचा असतो, आणि ती करतात.

आता चौघांच्या टोळीकडे येऊ. १९७४ च्या पुस्तिकांत धंदे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे शस्त्र धरणारा आणि जखमा बऱ्या करणारा उपासक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. या चौघांची मोट खेळाच्या मुळाशी अजून आहे. धंदे पुढे बारा झाले तरी प्रत्येकाच्या अंगात या चारांतल्या कोणाचे ना कोणाचे रक्त आहे.

यांतला जादूगार पाहा. १९७८ च्या नियमपुस्तकात लढवय्याचे प्राणांक दहा बाजूंच्या फाशाने ठरत, जादूगाराचे चार बाजूंच्या. चिलखत अंगात घालायचे नाही. आणि पहिल्या पायरीवर दिवसाकाठी मंत्र किती? एक! तो म्हटला की उरलेला दिवस महाशय काठी टेकत इतरांच्या मागून चालणार. असला गडी कोणी घ्यावा आणि कोणी सांभाळावा? पण तो एक मंत्र झोपेचा असला तर दारात दाटी करून उभे राहिलेले पाच-दहा खुजे राक्षस एकदम आडवे होतात. आणि पाचव्या पायरीला तोच जादूगार आगीचा गोळा फेकू लागला की लढवय्ये कौतुकाने बघत राहतात. म्हणजे आरंभी लढवय्याने त्याला ढालीआड जपायचे आणि पुढे त्याने ते फेडायचे, असा न लिहिलेला करार आहे. ज्या टोळीला आजच्या आज फळ हवे असते ती जादूगाराला नाल्यात टाकून पुढे जाते, आणि पाचव्या पायरीला पोचतच नाही. नव्या आवृत्त्यांनी जादूगाराला पहिल्या दिवसापासून पुनःपुन्हा वापरता येतील असे लहान मंत्र दिले. खेळ सुखकर झाला खरा; पण तो करार त्यामुळे थोडा पातळ झाला असे मला वाटते.

खरी अडचण जखमा बऱ्या करणाऱ्याची. टोळी जमली की सगळे घाईघाईने सोंगे सांगून टाकतात. "मी तलवारवाला!" "मी धनुर्धारी!" "मी आगीचा जादूगार!" आणि मग शांतता पसरते. मलमपट्टी कोण करणार? सगळ्यांचे डोळे शेवटी आलेल्याकडे वळतात. तो नवा असतो, लहान असतो, नाही तर आवाजाने दबलेला असतो. मुलामुलींची मिळून टोळी असली तर "तू घे ना गं, तुला जमेल" असे म्हणून एखाद्या मुलीच्या गळ्यात ते पडते. तिला कदाचित अग्निसर्पाशी झुंजायचे असेल. कोणी तिला विचारलेले नसते. शिक्षकांनी या एका क्षणावर नजर ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्गातली उतरंड खेळाच्या कागदावर कशी उतरते ते येथे पाहायला मिळते, आणि येथेच ती हलवताही येते.

खेळकर्त्यांनाही हे दुखणे ठाऊक होते. १९७४ मध्ये पहिल्या पायरीच्या क्लेरिकला एकही मंत्र येत नसे, तेव्हा तो पुष्कळसा ढाल घेतलेला दुय्यम लढवय्याच होता. २००८ च्या आवृत्तीने टोळीतल्या चार कामांना उघड नावे दिली. एक रोखणारा, एक घाव घालणारा, एक मैदान ताब्यात ठेवणारा. आणि जखमा भरणाऱ्याला काय म्हटले असेल? 'नेता'! नाव दिल्याने मान मिळतो हे जगाचे जुने औषध त्यांनी वापरून पाहिले. पण केवळ नावावर ते थांबले नाहीत. त्या आवृत्तीत सोबत्याला सावरून शिवाय त्याच पाळीत स्वतःचा वारही करता येतो. २०१४ च्या आवृत्तीत तर शाहीर, वनवासी उपासक, व्रतस्थ वीर, रानवाटाड्या अशा इतरांनाही थोडेफार बरे करता येते. ओझे वाटून घेता आले.

आणि हिशेब केला तर असे दिसते की जखम झाली रे झाली की मलम लावत बसणे हे शहाणपणाचे नाहीच. २०१४ च्या नियमांत स्पर्शाने बरे करण्याचा साधा मंत्र एक आठ बाजूंचा फासा आणि वर तीन, म्हणजे सरासरी साडेसात प्राणांक परत देतो. ओगर नावाच्या दांडग्या राक्षसाचा एक सोटा लागला तर सरासरी तेरा जातात. भांड्याला मोठे भोक पडले आहे आणि आपण वाटीवाटीने पाणी ओततो आहोत, अशातला प्रकार. मग बरे करणाऱ्याने करायचे काय? त्याने थांबायचे, लढायचे, आणि सोबती पडला की त्या क्षणी त्याला उठवायचे. या नियमांत प्राणांक शून्य झाले की माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. आपल्या प्रत्येक पाळीला तो फासा टाकतो. दहा किंवा वर आले तर एक बरी खूण, खाली आले तर एक वाईट. तीन वाईट झाल्या की संपले. पण कोणी त्याला एक प्राणांक जरी दिला तरी तो डोळे उघडतो आणि पुढच्या पाळीला पूर्ण ताकदीने वार करतो. साठ फुटांवरून नुसत्या शब्दाने उठवण्याचा एक छोटा मंत्र आहे. तो चार बाजूंच्या फाशाइतकेच प्राणांक देतो, वर दोन-तीन. पण तो म्हणून झाल्यावर त्याच पाळीत शस्त्र चालवता येते. म्हणून अनुभवी मंडळी मोठ्या मंत्राआधी हा छोटा शिकून घेतात. २०२४ च्या सुधारित नियमांत या दोन्ही मंत्रांचे फासे दुप्पट केले आहेत, तरी 'केव्हा' हा प्रश्न उरतोच. केव्हा उठवायचे, कोणाला आधी, आपली पाळी कशावर खर्चायची, हे टोळीतले सर्वांत कठीण निर्णय त्याच्याकडे असतात. हे मुलांना एकदा समजावून सांगितले की त्या सोंगाला गिऱ्हाईक मिळते.

सोंग ठरवताना सूत्रधाराने सर्वांत आधी विचारावे ते शेवटच्या मुलाला. एवढी एक युक्ती पुरते. आणि कोणीच बरे करणारा झाला नाही तरी आभाळ कोसळत नाही. प्रत्येकाने औषधाची एकेक बाटली विकत घ्यावी आणि ती कोणत्या खिशात आहे हे सगळ्यांना सांगून ठेवावे. बेशुद्ध माणसाला स्वतःची बाटली उघडता येत नाही.

आता प्रत्यक्ष लढाईचे थोडेसे. नवे खेळगडी प्रत्येकी एकेक शत्रू वाटून घेतात. त्यांना ते न्याय्य वाटते. पण एक प्राणांक उरलेला राक्षस पूर्ण प्राणांकांच्या राक्षसाइतकाच जोराने मारतो. समजा, चार शत्रू आहेत, प्रत्येक जण तीन घावांत पडतो, आणि आपण चौघे दर फेरीला एकेक घाव हमखास घालतो, आपली पाळी आधी. शत्रू वाटून घेतले तर पहिल्या दोन फेऱ्यांत कोणीच पडत नाही, ते आठ वार करतात, आणि तिसऱ्या फेरीत चौघे एकदम पडतात. उलट सगळ्यांनी एकाला धरले, तो पडला की उरलेला घाव दुसऱ्याला, असे केले तर पहिल्या फेरीनंतर तीन उरतात, दुसरीनंतर दोन, तिसरीनंतर एकही नाही. आपल्यावर वार होतात फक्त पाच. घाव दोन्ही वेळा बाराच घातले! आठ आणि पाच यांतल्या तीन वारांत एका जादूगाराचा जीव असतो.

जागा निवडणे हेही तितकेच महत्त्वाचे. अरुंद दारात एकच शत्रू पुढे येऊ शकतो, आणि आपल्या बाजूने मात्र ढालवाला पुढे, त्याच्या खांद्यावरून लांब भाला, त्याच्या मागे धनुष्य, असे तिघे काम करू शकतात. पण मागून कोण येते आहे हे पाहायला चौथा हवा, नाही तर तेच दार सापळा होते. आणि उजेड! नवशिके हमखास विसरतात ते हे. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. मग मशाल धरायची कशात? तिसरा हात देवाने दिलेला नाही. मशालीचा चांगला उजेड वीस फुटांपर्यंत, आणि ती तासाभरात विझते. मशाल कोणाच्या हातात आणि तो पडला तर कोण उचलणार, हे दाराबाहेरच ठरवावे. पळायचे केव्हा हेही तेथेच ठरवावे. "दोघे पडले की उचला आणि निघा" असा काहीतरी स्पष्ट करार हवा. ऐन वेळी ठरवू म्हटले तर एक पळतो, दुसरा थांबतो, आणि तिसरा दोघांच्या मध्ये सापडतो.

मुळात लढायलाच हवे का? १९८१ च्या नियमपुस्तकात एक गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, मारला तर अनुभवाचे ५ गुण मिळत, आणि एक सोन्याचे नाणे सुखरूप बाहेर आणले तर १. म्हणजे शंभर नाण्यांची पिशवी गुपचूप उचलून आणणे हे वीस गॉब्लिन मारण्याच्या बरोबरीचे. शिवाय समोर आलेला प्राणी कसा वागेल हे सूत्रधार दोन फासे टाकून ठरवी. दोन आले तर तो अंगावर धावे, बारा आले तर मित्र होई, आणि मधल्या दानांना बोलण्याला जागा असे. असे नियम असले की मुले आपोआप कान लावतात, वाटाघाटी करतात, मागच्या दाराने जातात. पुढच्या काळात सोन्याचे गुण मागे पडले, मारण्याचे वाढले, तसे खेळणारेही जास्त लढू लागले. ज्याला बक्षीस, तिकडे ओढा. सूत्रधार शिक्षक असेल तर बक्षीस कशाला द्यायचे ते त्याच्या हातात आहे.

एक दुखणे मात्र हिशेबाने सुटत नाही. टोळीत एखादा हुशार निघतो. त्याला नियम पाठ असतात. तो दुसऱ्याच्या पाळीला म्हणतो, "तू इथं उभा राहा, तू याला मार, तू गप्प बस." त्याचे बहुतेक वेळा बरोबरही असते, आणि तीच पंचाईत. टोळी जिंकते आणि तिघे जण घरी जातात ते दुसऱ्याच्या प्यादी होऊन. जुन्या नियमांत तर सर्वांच्या वतीने बोलणारा एक पुढारीच नेमत. मोठा घोळका असला तर ते सोयीचे. चौघांत ते घातक. सूत्रधाराने प्रत्येकाला नावाने विचारावे, "तू काय करतेस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. दहा श्वास थांबावे लागले तरी चालेल. सल्ला मागितला तर द्यावा, न मागता देऊ नये, हा नियम हुशारालाच वाचून दाखवायला सांगावा. आणि त्या मुलीने चूक चाल केली, मशाल पाण्यात पडली, तर पडू द्यावी. अंधारात काय करायचे ते मग चौघे मिळून शोधतील.

काही पालकांच्या मनात शंका येईल, कारण १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले होते. राक्षस आणि मंत्र पाहून काही धार्मिक मंडळींना यात खरी जादूटोण्याची दीक्षा दिसली. ते वादळ विरून गेले. आपल्याकडे भारुडात सोंग घेणारा भुत्या रंगमंचावरून उतरला की शेतावर जातो, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. तक्रार करायचीच तर वेळेची करावी. चार तास केव्हा गेले ते कळत नाही, आणि गृहपाठ तसाच राहतो. दीड तासाची घंटा बांधून घ्यावी.

खर्चाचे काय? छापील पुस्तके महाग आहेत आणि इंग्रजीत आहेत. पण खेळाची मालक असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये २०१४ च्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मूळ कोणाचे ते नमूद करून कोणीही त्याचे भाषांतर करू शकतो, छापू शकतो, वाटू शकतो. एखाद्या तालुक्यातल्या दोन-चार शिक्षकांनी मनावर घेतले तर वीस-पंचवीस पानांची मराठी पुस्तिका एका सुटीत तयार होईल. भुयारे मात्र बाहेरून आणू नयेत. ज्या मुलांनी गावाजवळचा पडका गड आणि त्यावरचे टाके पाहिले आहे त्यांना तोच गड नकाशावर काढायला सांगावा.

फासे नसले तरी अडत नाही. १९७९ साली अमेरिकेतच फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेला एक जाड कागद घालून पाठवत. तो कापायचा, चिठ्ठ्या पेल्यात टाकायच्या आणि न पाहता एक काढायची. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे वीस सारखे तुकडे करा, एक ते वीस आकडे घाला आणि तोंड अरुंद असलेल्या तांब्यात टाका. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून तांब्या हलवायला विसरू नका. नाही तर वीसची चिठ्ठी कोणाच्या हाताला लागून गेली हे मुले लक्षात ठेवतात, आणि पुढच्याची पाळी सुरू होण्याआधीच संपते.